विमानातली वीज गेली तर?

एकसर आणि समांतर जोडणीचा पाठ शिकवताना आपण सर्वजण दिव्यांच्या माळेचे उदाहरण देतो. एकसर जोडणीतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. समांतर जोडणीत एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. घरातल्या दिव्यांपुरता हा पाठ तिथे संपतो. पण हाच पाठ दहा किलोमीटर उंचीवरून तीनशे माणसांना घेऊन जाणाऱ्या विमानाला लावायचा झाला, तर त्याला एक अवघड पुरवणी जोडावी लागते. दोन मार्ग समांतर दिसतात खरे, पण ते एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र आहेत का? प्रवासी विमानांच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला गेला, आणि बहुतेक वेळा अपघात घडून गेल्यानंतर विचारला गेला. या लेखात आपण त्या इतिहासाचा मागोवा घेऊ.

तारा, तेल आणि पुन्हा तारा

विमान वळवायचे, वर न्यायचे किंवा खाली आणायचे म्हणजे नेमके काय करायचे? पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या बसवलेल्या असतात. फळी वर-खाली झाली की तिच्यावरून जाणारी हवा वळते आणि तिच्या प्रतिक्रियेने विमान कलते. पंखांवरच्या फळ्यांना एलेरॉन, आडव्या शेपटीवरच्यांना एलिव्हेटर आणि उभ्या शेपटीवरच्या फळीला रडर म्हणतात. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानात अशा फळ्या नव्हत्या. तारा ओढून संपूर्ण पंखालाच पीळ दिला जाई. पुढे फळ्या आल्या, पण तारा राहिल्या. वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून फळीपर्यंत पोलादी दोर आणि कप्प्या, म्हणजे विहिरीच्या रहाटाचीच तऱ्हा होती. फळी हलवायला लागणारे बळ वैमानिकाच्या दंडातूनच येत असे.

विमाने मोठी आणि वेगवान झाली तसे हे बळ अपुरे पडू लागले. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की फळीवरचा जोर चौपट होतो. म्हणून दाबाखालच्या तेलाने सरकणारे दट्टे आले. याला द्रवचालित किंवा हायड्रॉलिक यंत्रणा म्हणतात. पास्कलच्या नियमाचे हे अगदी सरळ उपयोजन आहे. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी बोइंग ७४७ प्रथम उडाले, तेव्हा त्याच्या फळ्या केवळ हाताच्या जोराने हलवण्याची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. तिच्याऐवजी तेलाच्या चार वेगवेगळ्या यंत्रणा दिलेल्या होत्या.

त्याच वर्षी, २ मार्चला, काँकॉर्ड विमान उडाले. त्यात वैमानिकाचा हुकूम दोरांऐवजी विजेच्या संदेशाने दट्ट्यांपर्यंत जात असे. यांत्रिक दोर अडीअडचणीसाठी राखून ठेवले होते. २५ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या 'नासा'ने एफ-८ जातीच्या लढाऊ विमानात अपोलो चांद्रयानासाठी बनवलेला संगणक बसवून अंकीय नियंत्रणाचा प्रयोग केला. २२ फेब्रुवारी १९८७ रोजी एअरबस ए-३२० उडाले आणि अंकीय संगणक व विजेच्या तारा यांवर चालणारे नियंत्रण नेहमीच्या प्रवासी वाहतुकीत आले. अशा रीतीने तारांपासून निघालेली वाट तेलावरून पुन्हा तारांवर आली, मात्र या तारांतून आता ओढ नव्हे तर माहिती वाहत होती.

यात फायदे मोठे होते. वजन कमी झाले, इंधन वाचले, आणि वैमानिकाने चुकून विमान फार उभे धरले तर संगणक त्याला आवर घालू लागला. पण त्याबरोबर एक नवी जोखीमही आली. दोर विजेवाचून चालतो, संगणक चालत नाही.

विमानाचे वीजघर

विमानात वीज येते कोठून? इंजिनाला जोडलेले जनित्र ती तयार करते. ए-३२०सारख्या विमानात प्रत्येक इंजिनावर एक अशी दोन जनित्रे असतात. ती ११५ व्होल्टची आणि ४०० हर्ट्झ वारंवारतेची प्रत्यावर्ती वीज देतात. आपल्या घरी ५० हर्ट्झ, मग विमानात ४०० का? वारंवारता वाढवली की तेवढ्याच शक्तीसाठी रोहित्राचा लोखंडी गाभा लहान पुरतो, आणि विमानात प्रत्येक किलो मोलाचा असतो. विद्यार्थ्यांनी रोहित्राचा धडा वाचलेला असेल तर हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

दोन्ही मुख्य जनित्रे बंद पडली तर शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनावर तिसरे जनित्र असते. तेही नसेल तर विमानाच्या पोटातून एक लहानसा पंखा हवेत बाहेर येतो. याला रॅम एअर टर्बाइन किंवा थोडक्यात 'रॅट' म्हणतात. विमानाच्या वेगामुळे समोरून येणाऱ्या हवेवर तो पवनचक्कीसारखा फिरतो आणि अत्यावश्यक यंत्रांपुरती वीज किंवा तेलाचा दाब देतो. तो फिरू लागेपर्यंत काम चालवायला बॅटऱ्या असतात. म्हणजे एकामागे एक अशा किती पायऱ्या आहेत पाहा!

इतक्या पायऱ्या असताना भीती कशाची? त्यासाठी थोडे गणित पाहावे लागेल.

गुणाकाराचा मोह

समजा, एखादी यंत्रणा सरासरी हजार तासांत एकदा बिघडते. तशा तीन यंत्रणा एकाच कामासाठी ठेवल्या, तर त्या तिन्ही एकाच तासात बिघडण्याची शक्यता किती? एक हजारांश गुणिले एक हजारांश गुणिले एक हजारांश, म्हणजे एक अब्जांश. विमानांना परवाना देणाऱ्या संस्थांनी हाच आकडा कसोटी म्हणून धरलेला आहे. सर्वनाश घडवू शकेल असा बिघाड अब्ज उड्डाण-तासांत एकदाही अपेक्षित नसावा, अशी ही अट आहे. मध्यम प्रतीच्या तीन वस्तूंतून जवळजवळ अभंग अशी एक वस्तू तयार होते, हा गुणाकाराचा चमत्कारच म्हणायचा.

पण हा गुणाकार केव्हा करता येतो? आपण वर्गात सांगतोच की दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा. नाणे दोनदा उडवले तर दोन्ही वेळा छाप पडण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. पण दोन नाणी एकमेकांना डिंकाने चिकटवून उडवली तर? विमानाच्या इतिहासात नेमके हे डिंकाचे ठिपके सापडत गेले.

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पुढची तबकडी फुटली. विमानात तेलाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. स्वतंत्र म्हणजे पंप वेगळे, टाक्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या. मात्र शेपटीत या तिन्हींच्या नळ्या जवळजवळ होत्या. तबकडीच्या तुकड्यांनी त्या कापल्या आणि तिन्ही यंत्रणांतले तेल वाहून गेले. हा प्रसंग इतका अशक्य मानला होता की त्यासाठी पुस्तिकेत सूचनाही नव्हत्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीजास्त करत विमान स्यू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६पैकी ११२ जण मरण पावले, १८४ वाचले. त्यानंतर डीसी-१०च्या एका यंत्रणेत, गळती सुरू होताच आपोआप बंद होणारी झडप बसवणे सक्तीचे झाले. विजेच्या फ्यूजचे काम तेलाच्या नळीत करणारी ही झडप होती.

इशारा देणाराच गप्प झाला

विजेच्या बाबतीत याच जातीचा धडा दहा वर्षे आधी मिळाला होता. २५ मे १९७९ रोजी शिकागोहून उड्डाण करताना एका डीसी-१० विमानाचे डाव्या पंखाखालचे इंजिन खांबासकट निखळून पडले. दुरुस्तीच्या वेळी ते बसवण्या-काढण्याच्या चुकीच्या पद्धतीने खांबाला तडा गेला होता. एक इंजिन गेले तरी विमान उडू शकते, आणि वैमानिकांनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वेग १५३ नॉटपर्यंत उतरवून ते वर चढवणे चालू ठेवले.

त्यांना ठाऊक नव्हते ते असे. निखळताना इंजिनाने पंखाच्या पुढच्या कडेतल्या तेलाच्या नळ्या तोडल्या होत्या. उड्डाणाच्या वेळी बाहेर आलेल्या तिथल्या पट्ट्या त्यामुळे आत सरकल्या. या पट्ट्या कमी वेगात पंखाला उचल धरायला मदत करतात. त्या नसल्यामुळे डाव्या पंखाला आता किमान १५९ नॉट वेग हवा होता. १५३ आणि १५९ यांत फरक अवघा सहा नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटरचा. डाव्या पंखाची उचल गेली, विमान कलंडले आणि उड्डाणापासून ३१ सेकंदांत कोसळले. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ असे २७३ जण मृत्युमुखी पडले.

असा प्रसंग ओढवला तर वैमानिकाच्या हातातला दांडा जोराने थरथरवून त्याला सावध करणारे यंत्र विमानात होते. पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत हे दाखवणारा दिवाही होता. पण ही साधने ज्या वीजमंडलावर होती, त्याला वीज पुरवणारे जनित्र निखळलेल्या इंजिनावरच होते! सहवैमानिकाच्या बाजूला थरथराटाचे दुसरे यंत्र बसवणे तेव्हा ऐच्छिक होते आणि या विमानात ते नव्हते. ज्या घटनेची सूचना द्यायची, त्याच घटनेने सूचकाची वीज कापली. यानंतर दोन्ही वैमानिकांसाठी हे यंत्र असणे बंधनकारक झाले.

याच्या दीड वर्ष आधीची, १ जानेवारी १९७८ची घटना मुंबईकरांना विसरता येणार नाही. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ रात्री सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जणांचा अंत झाला. विमान किती कलले आहे हे दाखवणारे मुख्य वैमानिकासमोरचे क्षितिजदर्शक बिघडले होते. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले तरी ते उजवीकडचाच कल दाखवत राहिले. वैमानिकाने तो दुरुस्त करण्यासाठी विमान डावीकडे वळवले आणि ते वळतच गेले. खाली काळा समुद्र आणि वर काळे आकाश. खरे क्षितिज डोळ्यांना दिसत नव्हते. वास्तविक अशी तीन क्षितिजदर्शके समोर होती. पण तीन साधने असणे वेगळे, आणि त्यांपैकी खोटे कोण बोलतो हे काही सेकंदांत ओळखणे वेगळे. विजेचा दिवा गेला तर तो गेला हे कळते. चुकीचे दाखवणारे साधन मात्र चालू असल्यासारखेच दिसते.

अर्धवट बिघडलेला भाग

'पूर्ण बंद' आणि 'चुकीचे चालू' यांच्या मध्येही एक अवस्था असते. २३ जुलै १९८३ रोजी मॉन्ट्रिअलहून एडमंटनला जाणारे एअर कॅनडाचे बोइंग ७६७ सुमारे १२,५०० मीटर उंचीवर असताना त्याचे इंधन संपले. इंधनाचा साठा दाखवणाऱ्या यंत्रात दोन मार्ग होते. एक बिघडला तर दुसऱ्याने काम करावे अशी योजना होती. पण एका मार्गातला डाग नीट बसलेला नव्हता. त्याला वीज कमी मिळत होती, पण शून्य नव्हती. त्यामुळे तो 'गेला' असे यंत्राला कळलेच नाही, दुसरा मार्ग सुरू झाला नाही आणि पडदे कोरे राहिले. म्हणून इंधन पट्टी बुडवून मोजले आणि हिशेब कागदावर केला. तो हिशेब शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा आहे.

प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. टाक्यांत ७,६८२ लिटर होते. लिटरला वजन किती? कर्मचाऱ्यांनी १.७७ हा नेहमीचा आकडा वापरला. ७,६८२ गुणिले १.७७ बरोबर सुमारे १३,५९७, म्हणजे ८,७०३ कमी, त्याला १.७७ने भागून सुमारे ४,९१७ लिटर भरले. गणितात चूक नाही, पण १.७७ हा आकडा पौंडांचा होता! किलोग्रॅममध्ये तो ०.८०३ येतो. त्याने हिशेब केला तर २०,०८८ लिटर भरायला हवे होते. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धत नुकतीच रुजत होती.

दोन्ही इंजिने थांबली, जनित्रे थांबली, रंगीत पडदे विझले. बॅटरीवर चालणारी मोजकी उपकरणे उरली आणि 'रॅट'ने तेलाला दाब दिला. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश होते. म्हणून उतरताना वेग कमी होऊ लागला तसतसे नियंत्रण जड होत गेले. तरीही वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. ६९ जणांपैकी कोणीही दगावले नाही.

संगणकांची पंचायत

ए-३२० बनवणाऱ्यांसमोर हा सारा इतिहास होता. त्यांनी नियंत्रणाचे काम सात संगणकांत वाटले. त्यांतही महत्त्वाच्या दोन गटांचे संगणक वेगळ्या कारखान्यांनी, वेगळ्या प्रक्रियकांवर, वेगळ्या आज्ञावल्या लिहून केले. का? एकाच आज्ञावलीच्या सात प्रती सात ठिकाणी ठेवल्या, तर तिच्यातली चूक सातही ठिकाणी एकाच क्षणी उगवेल. एकाच वहीतून नक्कल केलेल्या सात उत्तरपत्रिका जुळल्या म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. शिवाय सगळे संगणक विझले तरी शेपटीचा आडवा भाग व रडर हलवण्याचा यांत्रिक मार्ग त्यांनी राखून ठेवला. १२ जून १९९४ रोजी उडालेल्या बोइंग ७७७मध्ये तीन मुख्य संगणक आणि प्रत्येकात तीन वेगळ्या बनावटीचे प्रक्रियक, अशी रचना केली गेली.

आपल्याकडे ए-३२०विषयी संशय निर्माण झाला तो १४ फेब्रुवारी १९९० रोजी, मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान बंगळूरला उतरताना कोसळले आणि ९२ जण मरण पावले तेव्हा. चौकशीत मात्र वीज किंवा संगणक बंद पडल्याचे दिसले नाही. इंजिने अगदी कमी शक्तीवर राहतील अशा स्थितीत स्वयंचलित यंत्रणा होती आणि ते वेळेवर ध्यानात आले नाही. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे माणसाला स्पष्ट कळणे, हीसुद्धा सुरक्षिततेची एक अट आहे.

साध्या चुका नव्या यंत्रणेतही संपल्या नाहीत. २० मार्च २००१ रोजी फ्रँकफर्टहून उडताना एका ए-३२०चा डावा पंख धावपट्टीला जवळजवळ घासला. मुख्य वैमानिक दांडा उजवीकडे नेत होता आणि विमान डावीकडे कलत होते. दुरुस्तीत दोन तारांची अदलाबदल झाली होती! उड्डाणापूर्वी फळ्या हलतात हे पाहिले गेले. कोणत्या दिशेने हलतात हे पाहिले गेले नाही. सहवैमानिकाच्या दांड्याच्या तारा वेगळ्या असल्याने त्याने विमान सावरले. प्रयोगशाळेतल्या छोट्या मोटारीची दोन टोके उलटी जोडली की ती उलटी फिरते, हे आपले विद्यार्थी रोज पाहतात.

संगणकाला मिळणारी माहितीच खोटी असली तर काय होते? ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटसच्या ए-३३० विमानातील मोजमाप करणाऱ्या एका संचाने, विमान वाऱ्याशी ५० अंशांचा कोन करत असल्याचे क्षणिक चुकीचे आकडे पाठवले. असे आकडे गाळण्याची सोय होती. एकदा उसळी दिसली की १.२ सेकंद जुनाच आकडा धरायचा. पण दुसरी उसळी नेमकी १.२ सेकंदांनी आली आणि चाळणीतून निसटली. संगणकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले आणि शंभराहून अधिक जण जखमी झाले. विमान सुखरूप उतरले. बोइंग ७३७ मॅक्समध्ये तर हा कोन मोजणारी दोन साधने असूनही नाक खाली दाबणारी यंत्रणा एका वेळी एकाच साधनावर विसंबून होती. २९ ऑक्टोबर २०१८ला इंडोनेशियात १८९ आणि १० मार्च २०१९ला इथिओपियात १५७ जणांचे प्राण गेले, आणि जगभरची ती विमाने जमिनीवर आणली गेली.

पाणी, ठिणगी आणि एक आकडा

आता पुन्हा विजेकडे येऊ. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअरच्या एमडी-११ विमानात वैमानिक-कक्षाच्या छताच्या पोकळीत आग लागली. प्रवाशांच्या मनोरंजन यंत्रणेच्या तारेवर ठिणगी उडाल्याच्या खुणा तपासात सापडल्या. जवळच उष्णतारोधक आच्छादन होते आणि ते पेटणारे निघाले. एकामागून एक यंत्रणा बंद पडत गेल्या आणि विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ जण गेले. चित्रपट दाखवणाऱ्या तारा आणि उड्डाणाच्या तारा नकाशात वेगळ्या असतात. छताच्या पोकळीत त्या शेजारी असतात.

७ जानेवारी २००८ रोजी लंडनहून आलेले एक बोइंग ७४७ बँकॉकला उतरण्याच्या तयारीत असताना त्याच्या चार मुख्य वीजमंडलांपैकी तीन बंद पडली. इंजिने चारही चालू, जनित्रेही चारही धडधाकट! विमानातल्या स्वयंपाकघराचे सांडपाणी तुंबले होते. खालच्या संरक्षक पत्र्याला भेगा होत्या आणि पाणी थेट जनित्रांच्या नियंत्रक पेट्यांवर ठिबकले. या पेट्या एकाच जागी शेजारी ठेवलेल्या होत्या. विमान दिवसाउजेडी सुखरूप उतरले.

याउलट ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरजवळ ए-३८०चे एक इंजिन फुटले, तुकड्यांनी सुमारे ६५० तारा कापल्या आणि इशाऱ्यांचा पाऊस पडला. तरी ४६९ माणसे सुखरूप उतरली. तारांचे आणि तेलाचे मार्ग दूरदूर विभागल्याचा हा लाभ. उतरल्यावर मात्र एक इंजिन तासन् तास बंद करता येईना, कारण ते बंद करण्याचा हुकूम नेणाऱ्या तारा तुटल्या होत्या.

बोइंग ७८७मध्ये विजेचा वापर आणखी वाढवण्यात आला. पूर्वी इंजिनातल्या गरम हवेवर चालणारी अनेक कामे त्यात विजेवर चालतात. प्रत्येक इंजिनावर २५० किलोव्होल्ट-अँपिअरची दोन जनित्रे असतात. लिथियम बॅटरीतून धूर येण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाण-तासांत एकदाही येणार नाही, असा अंदाज केला होता. प्रत्यक्षात एक लाख तासही भरले नव्हते तेव्हा, जानेवारी २०१३मध्ये, दहा दिवसांत बॉस्टन व जपान येथे दोन बॅटऱ्या बिघडल्या. एअर इंडियाच्या सहा विमानांसह जगातली सर्व ७८७ विमाने काही महिने थांबवली गेली. एका घटातली उष्णता शेजारच्या घटात पसरली होती. म्हणजे बॅटरीतले आठ घटही एकमेकांपासून स्वतंत्र नव्हतेच.

२०१५ साली याच विमानाबाबत आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेत उघड झाली. चारही जनित्रांच्या नियंत्रकांत वेळ मोजणारा एक अंक होता. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर तो अंक भरून जाई आणि नियंत्रक जनित्र बंद करी. चारही एकाच वेळी चालू केले असतील तर चारही एकाच वेळी! २४८ कोठून आले? संगणकातल्या ३२ स्थानांत मावणारी मोठ्यात मोठी धन संख्या २,१४,७४,८३,६४७. मोजणी सेकंदाच्या शंभराव्या भागांत आहे असे धरून तिला १००ने, मग दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर २४८.५५ येते. अपघात होण्याआधीच चूक सापडली आणि ठरावीक काळाने वीज बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघाला.

वर्गात काय करता येईल

१२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे ७८७ विमान कोसळून २६० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा 'रॅट' हा शब्द घरोघरी पोचला. विद्यार्थी त्याविषयी विचारतील. जुलै २०२५च्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. 'रॅट' बाहेर येणे हे शक्ती गेल्याचे लक्षण आहे, ती जाण्याचे कारण नव्हे, एवढा फरक त्यांना जरूर सांगावा. ताप मोजणारा पारा वर चढला म्हणून ताप पाऱ्यामुळे आला असे कोणी म्हणत नाही. प्राथमिक अहवालापलीकडे तर्क लढवण्याचा मोह मात्र वर्गात टाळलेला बरा.

त्याऐवजी विद्यार्थ्यांना शाळेचाच नकाशा काढायला सांगावा. वीज गेली तर कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी बंद पडतात? पाण्याचा पंप, घंटा, संगणक कक्ष, दूरध्वनी? इन्व्हर्टर असेल तर तो कोठे ठेवला आहे. मुख्य स्विचबोर्डाशेजारीच, म्हणजे एका आगीत दोन्ही जातील असा? आग विझवण्याचे पाणी विजेच्या पंपाशिवाय मिळते का? धोक्याची घंटा कोणत्या मंडलावर आहे? दोन-तीन गटांनी स्वतंत्रपणे असा तक्ता करावा आणि मग ते तक्ते ताडून पाहावेत. एका गटाने दुसऱ्याचे पाहून लिहू नये, एवढी अट कटाक्षाने पाळावी. ती का, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.